उघडा खड्डा

शास्त्रवाचन : निर्गम 21:33-34, योहान 6:5-13

चंदीगडला लागून असलेल्या मोहाली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनासभेचा योग आला. सभेनंतर चहा घेताना एका बांधवाने विचारले, "पाळकसाहेब, आमच्या कारखान्याचा माल प्लॅस्टिकच्या पाकिटांतून देशभर जातो. तितक्या प्लॅस्टिकच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे आम्ही कायद्याप्रमाणे पैसे मोजून घेतो. मग रस्त्यात पडलेल्या पाकिटाचा दोष आमच्याकडे राहतो का?"

प्रश्न प्रामाणिक होता. मला मोशेच्या नियमशास्त्रातील खड्डा आठवला. कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात शेजाऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी, असे तेथे सांगितले आहे. धन्याने बैलाला ढकलले होते काय, असे नियम विचारीत नाही. खड्डा कोणाचा, एवढेच तो पाहतो. आपल्या गावच्या उकिरड्यावर पिशव्या खाऊन पोट फुगलेली गाय ज्याने पाहिली असेल, त्याला हा नियम जुना वाटणार नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानेही आता खड्ड्याचा धनी शोधला आहे. 16 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्र सरकारने वेष्टनांची जबाबदारी उत्पादक, आयातदार व नाममुद्रेचे मालक यांच्यावर सविस्तर निश्चित केली. 2024-25 साठी कडक प्लॅस्टिकच्या 50 टक्के, तर मऊ व अनेक थरांच्या वेष्टनांच्या 30 टक्के पुनर्चक्रीकरणाचे बंधन घातले. महाराष्ट्राने तर 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे किमान 50 पैसे परत देण्याची तरतूद केली होती. ते पैसे आपल्यापैकी किती जणांच्या हाती पडले, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आणि प्रमाणपत्रे? 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकातील चार कारखान्यांनी सुमारे 6 लाख खोटी प्रमाणपत्रे दिल्याचे उघडकीस आले. आमोस संदेष्ट्याने एफा लहान करणाऱ्या व खोटा तराजू धरणाऱ्या व्यापाऱ्यांना फटकारले होते. येथे तर तराजूत घालायला मालच नव्हता, नुसता कागद होता.

पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली. अशी भगिनी बाटली उचलते, पुठ्ठा उचलते. वेफरचे चकचकीत पाकीट मात्र तेथेच राहते, कारण भंगारवाला त्याला भाव देत नाही. ते वेष्टन तिने निवडले नव्हते, गिऱ्हाइकानेही नाही. खड्डा खणला गेला तो कारखान्याच्या कचेरीत, कोणते पाकीट स्वस्त पडेल याचा हिशेब करताना.

प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातले, तेव्हा उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा त्याने लोकसमुदायाला केली नाही, आसपासच्या गावकऱ्यांवरही ते काम सोडले नाही. ती त्याने आपल्या शिष्यांना केली. ज्याने वाटले त्यानेच वेचून घेतले, आणि बारा टोपल्या भरल्या. तृप्त झालेल्या मंडळीसमोर वाकून तुकडे वेचताना शिष्यांना थोडे अवघडल्यासारखेही झाले असेल.

मी त्या बांधवाला एवढेच विचारले, "ज्याच्याकडून प्रमाणपत्र घेता, त्याची जागा तुम्ही पाहिली आहे काय?" ते गप्प राहिले. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पत्ता कागदावर आहे. येत्या शनिवारी जातो."