राष्ट्राचे उत्पन्न व राष्ट्राचे कल्याण

“दारिद्र्य आहे, म्हणून लेकरे दगावतात,” असे उद्गार आपल्या खेड्यांतून वारंवार ऐकू येतात. त्यांत काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुष्कळदा ते पुढील विचार थांबविण्याकरिताच काढिले जातात, हे आम्हांस खटकते.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इक्वेटोरियल गिनी नावाचा लहानसा देश आहे. 1995 नंतर तेथील समुद्रातून विपुल तेल निघू लागले. 2008 च्या सुमारास तेथील दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या कित्येक पट होते; तथापि तेथे जन्मणाऱ्या बालकाची आयुर्मर्यादा श्रीलंकेतील बालकाहून दहा वर्षांपेक्षा अधिक कमी होती. 1979 पासून तेथे एकाच अध्यक्षाची सत्ता आहे. तेलाचा पैसा वाड्यांत शिरला, झोपडीपर्यंत आला नाही.

श्रीलंकेत निराळे घडले. 1931 साली तेथील स्त्रीपुरुषांस सरसकट मताधिकार मिळाला, आणि ज्यास मत हवे त्यास गरिबाच्या दारी जाणे भाग पडले. 1934-35 च्या हिवतापाच्या भयंकर साथीनंतर खेडोपाडी दवाखाने निघाले. 1945 पासून शिक्षण मोफत झाले. शिकलेल्या सुईणी घरोघर जाऊ लागल्या. 1930 नंतरच्या काही वर्षांत लाख जन्मांमागे दोन हजारांहून अधिक माता मरत असत. ती संख्या पुढे शंभराच्याही खाली आली. तोवर तो देश काही श्रीमंत झाला नव्हता! एका सुईणीच्या वेतनास राष्ट्राची तिजोरी लागत नाही. तिला नेमावी असे कोणास तरी वाटावे लागते.

येथे कोणी म्हणेल की, मग उत्पन्नाची चिंता कशास? हेही बरोबर नाही. 2022 साली याच श्रीलंकेस परदेशी कर्ज फेडता येईना, आणि रुग्णालयांत औषधांचा तुटवडा पडला. दया असून तिजोरी रिती असली, तरी रोगी तळमळतोच. परंतु या दोन दोषांत आम्ही भेद करितो. ज्याच्याजवळ नाही त्याची कींव येते. ज्याच्याजवळ असून पोहोचत नाही, त्याजपाशी हिशेब मागावयाचा असतो.

आणि तो केवळ दूरच्या अध्यक्षापाशीच नव्हे. आमच्या माहितीच्या एका गावी वेशीवर सुंदर कमान उभी राहिली आहे. तेथील नर्सबाईंच्या खोलीचे छप्पर गेले तीन पावसाळे गळत आहे.