नातवंडांचे प्रश्न आणि पेटीतील कागद

शाळेत शिकविला जाणारा इतिहास बहुधा इतरांचा असतो. राजे इतरांचे, लढाया इतरांच्या आणि चुकाही इतरांच्याच. विद्यार्थ्याने तो पाठ करावा व परीक्षेत उतरवावा, एवढीच अपेक्षा. काही देशांत मात्र माध्यमिक शाळेतील मुलांसाठी इतिहास-संशोधनाच्या स्पर्धा पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आल्या आहेत. जर्मनीत १९७३ साली राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान व उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांनी अशी स्पर्धा सुरू केली. अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलंड येथे डेव्हिड व्हॅन टासेल या प्राध्यापकाने तिचा आरंभ केला. मुलाने मूळ कागद पाहावेत, वृद्धांना विचारावे आणि आपल्या निष्कर्षाचा आधारही लिहून द्यावा, अशी या स्पर्धांची रीत.

अशीच स्पर्धा आदिलाबादच्या मुलांपुढे ठेवली आणि विषय दिला ‘माझे गाव, माझे घर’, तर आपण मोठ्यांनी काय करावे? हा प्रश्न वरवर शिक्षणाचा दिसतो. मुळात तो नीतीचा आहे.

आपल्या बहुतेक घरांत एक कथा सांगितली जाते. पणजोबा पैनगंगा ओलांडून आले, रान तोडले, काळी जमीन कसली आणि घर उभे केले. ही कथा खोटी नव्हे. त्या कष्टांवरच आपण वाढलो. परंतु शोध घेणारे मूल इथे थांबणार नाही. रान तोडण्यापूर्वी तिथे कोण होते, असे ते विचारील. १९४० साली कोमरम भीम जोडेघाट येथे मारला गेला, तो जल, जंगल आणि जमीन यांसाठी, हे त्याने शाळेत ऐकलेले असते. त्या उठावानंतर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे गोंडांच्या स्थितीची पाहणी सोपविली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पट्टा नाही म्हणून गोंड शेतकरी कसे उठले, राखीव जंगलाच्या सीमांनी त्यांना कसे मागे रेटले आणि बाहेरून आलेल्यांच्या नावे जमिनी कशा लागल्या, हे त्याने नोंदविले. त्या बाहेरून आलेल्यांत मराठी माणसेही होती. पुढे १९८१ च्या एप्रिलमध्ये इंद्रवेल्लीला गोळीबार झाला, तेव्हाही गोंडांच्या मागण्यांत जमीनच होती.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अनुसूचित क्षेत्रातील जमिनीच्या हस्तांतरणावर १९५९ च्या नियमनाने निर्बंध घातले, १९७० च्या दुरुस्तीने ते अधिक कडक केले. अशा स्थितीत नातवाने घरचे कागद चव्हाट्यावर का मांडावेत? शिवाय चौदा वर्षांच्या मुलाला काळाची ओढाताण काय कळणार? ते पणजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होईल.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो. मूल उथळ निवाडा करते ते अर्धवट ऐकीव माहितीवर; कागद वाचू लागले की त्याची घाई कमी होते. जुने महसुली कागद उर्दूत, घरची पत्रे मोडीत, बोलणे मराठीत आणि शाळा तेलुगू वा इंग्रजीत. या चार लिप्यांतून वाट काढताना त्याला धीर धरावाच लागतो. १९५४-५५ च्या खासरा पहाणीत मालकाचे नाव एक आणि कसणाऱ्याचे दुसरे दिसले, तर ते का, हे त्याला शोधावे लागेल. कोणी रोख मोजून जमीन घेतली, कोणी सावकारीतून घेतली, कोणी स्वतःच कूळ म्हणून राबला, हा भेद त्याला दिसेल. ज्याला आपण कठोर न्यायाधीश समजून भितो, तोच कदाचित आपल्या पूर्वजांचा सर्वांत न्याय्य साक्षीदार ठरेल.

पहिला आक्षेप अधिक अवघड आहे. जर्मनीतील पासाऊ या गावच्या आना रोसमुस या तरुणीने १९८०-८१ च्या स्पर्धेसाठी नाझी काळातील आपल्या गावाचा शोध घेतला. ज्यांना गाव विरोधक म्हणून मान देत होते, त्यांतील काहींचे वागणे कागदांत वेगळेच निघाले. दफ्तरे तिला नाकारली गेली, धमक्या आल्या, कागद पाहण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९८३ मध्ये तिचे पुस्तक आले. त्या कागदांतील मजकूर तिने निर्माण केला नव्हता; तो आधीपासून तिथेच होता. आपल्या पेटीतील कागदांचेही तेच आहे. मुलाने वाचले नाहीत म्हणून ते कोरे होत नाहीत. उलट, ‘हे विचारायचे नाही’ असे आपण त्याला बजावले, तर आपल्याला काय ठाऊक आहे हे त्याला तेवढ्यावरूनच कळते.

इथे एक मर्यादा मात्र पाळावयास हवी. पूर्वजांचा दोष मुलाच्या माथी येत नाही. जमीन मात्र वारशाने येते, आणि जमीन स्वीकारणाऱ्याने तिच्याविषयीचे प्रश्नही स्वीकारावेत. पण ते उत्तरदायित्व आज सातबारा वा पट्टा ज्यांच्या नावे आहे, त्या आपणा मोठ्यांचे आहे. नातवाने शोधावे, शोधात जे सापडेल त्याचे काय करावयाचे, हे ठरविण्याचे ओझे त्याच्या बक्षिसाला बांधू नये. बक्षिसाच्या मोहाने सनसनाटी निष्कर्ष काढणे हाही असत्याचाच प्रकार. म्हणून परीक्षकांनी गुण द्यावेत ते आधारांच्या प्रामाणिकपणाला आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याला.

ती दुसरी बाजू आपल्यापासून फार दूर नाही. मारलवाई येथे १९४३ च्या सुमारास गोंड मुलांसाठी शाळा सुरू झाली, तेव्हा गोंडीची पहिली पुस्तके देवनागरीतच छापली गेली. गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या प्रधानांच्या कित्येक घरांत बोलणे मराठीतच चालते. ज्यांच्याकडे आपल्याविषयीची साक्ष आहे, ते ती आपल्याच भाषेत सांगू शकतात. आपण मात्र त्यांना फारसे विचारलेले नाही.

नातवाने पेटी उघडण्याची परवानगी मागितली, तर किल्ली द्यावी. उर्दू जाणणारा कोणी वृद्ध अजून असेल, तर त्याच्याकडे पाठवावे. मग शेजारच्या गुड्यात त्याच्यासोबत स्वतः जावे, आणि तिथला वृद्ध बोलू लागला की आपण गप्प बसावे.