थळसमोरची दोन बेटं

थळच्या किनाऱ्यावर सकाळी उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. अलीकडचं उंदेरी, पलीकडचं खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आडवी घातली. याच इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन पाच वर्षांपूर्वी राज्याभिषेकाला नजराणा घेऊन रायगडावर आला होता. तहही झाला होता. महाराजांनी वकिलाचा मान राखला, व्यापाराला वाट दिली. बेट मात्र सोडलं नाही. शेजाऱ्याशी वागायची ही रीत मला आजच्या दिल्लीलाही उपयोगाची वाटते.

पण ही रीत निभावली कोणी? महाराजांचा सरदार मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून होता, दौलतखान आरमार घेऊन मदतीला धावला. एक भंडारी, एक मुसलमान. रात्रीच्या अंधारात, मोठ्या जहाजांना जमणार नाही अशा उथळ पाण्यातून मराठ्यांच्या होड्या बेटावर रसद पोचवत राहिल्या. वल्ह्याला कुठली आलीय जात! १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. उंदेरी मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावलं, हेही विसरायला नको.

थळहून आजही खांदेरीला होडी जाते. अलिबागला आलात, तर भरती-ओहोटी विचारून एकदा जाऊन या.