उलटी करून पाहताना

खेळण्यातली जुनी आगगाडी हातात आली की जाणकार संग्राहक आधी तिला उलटी करतो. रंग, चकाकी, नंबर हे सगळं नंतर. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीच्या गाड्या तीन रुळांवर धावत. मधल्या रुळातून वीज घ्यायला इंजिनाच्या पोटाशी छोटे रोलर असत. गाडी किती धावली, ते रोलरवर पडलेल्या चरांवरून कळतं. वरून पुसूनपुसून कोरी दिसणारी गाडी पोटाशी खरं बोलते.

मग गुण. अमेरिकेत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची एक ते दहा अशी श्रेणी संग्राहकांत चालते. दहा म्हणजे अगदी कोरी. एकही डाग नाही, कुणी वापरलेली नाही. सातला बारीकसा ओरखडा चालतो. पोचा किंवा गंज चालत नाही. पाचवर आलं की ओरखडे, छोटे पोचे, मळ. खोक्यालाही वेगळे गुण मिळतात. मूळ पुठ्ठ्याचा खोका जपलेला असेल तर किंमत पुष्कळ वाढते. बहुतेक घरांत तो पहिल्याच दिवशी फाटलेला असणार, हे ओघाने आलंच.

या श्रेणीत खेळणं हा दोष आहे. ऐकायला विचित्र वाटतं. पण श्रेणी काही मुलांसाठी केलेली नाही. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकाच भाषेत बोलावं, एवढंच तिचं काम, आणि ते ती नीट करते. तिला जे कुणी विचारलंच नाही त्याचं उत्तर तिने द्यावं, ही अपेक्षा आपली.

तिच्यातली एक गोष्ट मला फार पटते. ओरखड्याचे ती थोडे गुण कापते. नव्या रंगाला मात्र सहसा माफ करत नाही. टवके उडालेलं इंजिन कुणी हौसेने रंगवलं, तर ते देखणं होतं आणि बहुधा स्वस्तही होतं. मूळ रंगाची झीज पुढच्या माणसाला वाचता येते. कोपऱ्यावरचे टवके सांगतात की गाडी वळणावर कलंडत असे. म्हणजे कुणीतरी ती वळणावरही वेग कमी न करता सोडत असे. रंगवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याच्या ब्रशाखाली ते द्वाड पोर झाकलं जातं.

आणि ज्या गाडीला कुणी हातच लावला नाही, तिचं काय? दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही गाड्यांचे ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्यात शिशाचा थोडा अंश मिसळला गेला असेल, तर धातू आतल्या आत सुटत जातो. आधी फुगतो, मग बारीक तडे जातात, शेवटी चाक कच्च्या विटेसारखं हातात भुगा होऊन येतं. दमट हवेत हे लवकर घडतं, पण त्याची सुरुवात ओतकामातच झालेली असते. न उघडलेल्या खोक्यातही ते घडतं. तिथे कुणाचाच दोष नसतो, खेळणाऱ्याचा नाही आणि जपणाऱ्याचाही नाही.

१९५७ मध्ये लायोनेलने खास मुलींसाठी गाडी काढली. इंजिन गुलाबी, डबे फिकट निळे, पिवळे. ती खपली नाही. मुलींनाही खऱ्या गाडीसारखं काळं इंजिनच हवं होतं, असं संग्राहक सांगतात. फार थोड्या घरांत पोचली म्हणून आज तीच गाडी मोठ्या किमतीला जाते. इतक्या मोठ्या, की साधं काळं इंजिन गुलाबी रंगवून ते अस्सल म्हणून विकणारे निघाले. मुलांनी मनापासून पळवलेलं इंजिन, मुलांनी नको म्हटलेल्या इंजिनाचं सोंग घेऊन बाजारात येतं. आणि घेणारा त्याला उलटं करून पाहतो, ते धावलेलं तर नाही ना, म्हणून.