पिसांची माशी

मासा आणि माशी हे दोन शब्द मराठीत एकमेकांच्या इतके जवळ येऊन बसले आहेत की, परक्या मनुष्यास ते एकाच कुळातले वाटावेत. वस्तुतः एक मत्स्यापासून आला, दुसरा मक्षिकेपासून. त्यांचे गोत्र निराळे. परंतु खोटी माशी दाखवून खरा मासा धरण्याची एक जुनी कला आहे, आणि तिच्या योगाने ह्या दोहोंची गाठ पडते ती एकाच्या प्राणावर बेतते. ह्या कलेचा विचार करता करता आम्ही एका नीतीच्या प्रश्नापाशी येऊन पोचलो, आणि त्या प्रश्नाने आमच्याच वर्तनाचा हिशेब मागितला. तो येथे वाचकांपुढे ठेवतो.

कला पुष्कळ प्राचीन आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या ग्रंथकाराने मॅसिडोनियातील मासेमारांची हकीकत लिहून ठेवली आहे. तेथील एका नदीवर विशिष्ट जातीची माशी घोंघावत असे व मासे ती आवडीने खात; परंतु मनुष्याचा हात लागताच तिचा रंग उडे आणि पंख बिघडत, म्हणून ती गळाला लावण्याच्या कामाची नव्हती. तेव्हा त्या लोकांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली, तीवर कोंबड्याची दोन पिसे बांधली, आणि खऱ्या माशीने जे साधले नसते ते खोटीकडून साधून घेतले. पुढे इंग्लंडात १६५३ साली आयझॅक वॉल्टन याने मासे धरण्याच्या छंदावर ग्रंथ लिहून त्याला साहित्यात स्थान मिळवून दिले. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी लोक पिसांचे आणि केसांचे बेडूक व लहान मासे बांधू लागले; पण आकार कोणताही असो, नाव त्यांचे माशी असेच राहिले.

आपल्याकडेही राजेरजवाडे ह्या विनोदाला परके नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला कोणते खाद्य रुचते, गळ कसा टाकावा, हे त्यात शास्त्रीय पद्धतीने सांगितले आहे. मौज अशी की, ह्याच ग्रंथाच्या संगीतविषयक भागात विष्णूच्या अवतारांची स्तुती करणारी मराठी पद्ये आढळतात, आणि ती आपल्या भाषेच्या अगदी जुन्या नमुन्यांत गणली जातात. त्यांत मत्स्यावताराचेही स्तवन आहे. एकाच ग्रंथात एका पानावर माशाला आमिष आणि दुसऱ्या पानावर माशाला नमस्कार! राजाला ह्यात विसंगती वाटली नसावी. आम्हांलाही परवापरवापर्यंत वाटत नव्हती.

त्याचे कारण असे. मासा गळाला लागतो तो आपल्या जिभेच्या लोभाने, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत मासा एक. जिव्हा जिंकली नाही तोवर कोणतेच इंद्रिय जिंकले असे म्हणता येत नाही, हा त्या गुरूपासून घ्यावयाचा धडा. एकनाथ महाराजांनी ह्याच स्कंधावर केलेली टीका आमच्या घरी चातुर्मासात वाचली जाई. तेव्हा गळ टाकणाराचे कर्म चांगले नसेल. परंतु गिळणाराचा वाटाही त्यात आहेच, अशी आमच्या मनाची सोयीस्कर वाटणी झालेली होती. कोणी फसविला गेल्याचे वृत्त वाचले म्हणजे आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा की, 'ह्याला कशाचा लोभ झाला होता?' ह्या प्रश्नात मोठे सुख आहे. आपण लोभी नाही, अर्थात आपल्याला भय नाही, असे समाधान त्यातून फुकट मिळते.

गेल्या माघात आमच्या आक्काला एका अनोळखी माणसाचा दूरध्वनी आला. आक्का आमच्याहून दहा वर्षांनी वडील, विधवा. तिचा एकुलता मुलगा परगावी नोकरीस. पलीकडच्या माणसाने मुलाचे नाव अचूक सांगितले. त्याच्या गाडीखाली कोणी सापडले आहे, तो पोलिसांच्या ताब्यात आहे, प्रकरण आताच मिटविले नाही तर जन्माचे नुकसान होईल, आणि कोणास काही कळवाल तर त्याचेच वाईट होईल, असे तो म्हणाला. मागे कोणीतरी रडत होते. आक्काने तासाभरात ६०,००० रुपये पाठविले. सायंकाळी मुलाचा नित्याचा दूरध्वनी आला तेव्हा तो घरी बसून चहा घेत होता.

आम्ही धावत गेलो ते तिचे सांत्वन करावयास; पण आमच्या तोंडून निघाले ते भलतेच. "आक्का, एवढं पोथीपुराण ऐकलंस, आणि शेवटी माशासारखी गळाला लागलीस ना!" असे आम्ही म्हणालो, आणि वर मत्स्यगुरूचा दाखलाही दिला. ती काही बोलली नाही. उठून देवघरात गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

ह्यानंतर चार-पाच महिन्यांनी, आषाढात, आम्ही आमच्या एका स्नेह्यांबरोबर तळ्यावर गेलो. हे गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ह्या छंदात बुडालेले आहेत. त्यांच्या टेबलाच्या कडेला एक लहानशी पकड बसविलेली आहे. तीत गळ धरून ते त्यावर आपला बेडूक बांधतात. पोटाला बुचाचा तुकडा, म्हणजे तो पाण्यावर तरंगावा; भोवती बकऱ्याच्या शेपटीचे केस; पाय कोंबड्याच्या मानेवरील पिसांचे; पाठीवर गळून पडलेल्या मोरपिसाचे चार धागे; आणि हे सारे मेण लावलेल्या दोऱ्याने आवळलेले. गळाच्या टोकापुढे एक बारीक तार येते, म्हणजे तो पाणवेलीत अडकत नाही. एका बेडकाला दोन तास सहज लागतात. आम्ही तो हातावर घेऊन म्हणालो, "हा काही हुबेहूब बेडूक दिसत नाही." ते हसून म्हणाले, "तुम्हांला दिसून काय उपयोग? मरळीला दिसला पाहिजे, आणि तोही खालून."

हे वाक्य आम्हांला फार मार्मिक वाटले. ज्याला फसवावयाचे त्याच्या डोळ्यांनी पाहता आल्याखेरीज फसविता येत नाही. एखाद्या जिवाला काय हवेसे वाटते, त्याला भय कशाचे, तो कोणत्या क्षणी विचार न करता धावतो, हे जितके माता जाणते तितकेच फसविणाराही जाणतो. जाणण्यात दोघांचा भेद नाही. त्या ज्ञानाचे पुढे काय होते यात आहे.

प्रयाग चिखलीच्या बाजूला एका खेड्याचे गावतळे आहे. जोतिबाचा डोंगर ढगांत बुडाला होता आणि पाऊस नुकताच उघडला होता. पाण्याच्या एका कोपऱ्यात परातीएवढा तांबूस डाग हालत होता. जणू कोणी पाण्यात कुंकू सांडले असून ते खालून उकळत आहे. स्नेह्यांनी सांगितले की, ती मरळीची पिल्ले. मरळीला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही; तिला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. पिल्लेही तशीच सारखी वर येतात, म्हणून त्यांचा थवा दिसतो. आणि त्या थव्याच्या खाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात.

मग त्यांनी काठी उचलली आणि पिसांचा बेडूक त्या डागाच्या पलीकडे टाकून हळूहळू त्यातून ओढीत आणला. दुसऱ्याच खेपेस पाणी फुटले. एवढा मोठा मासा एवढ्या रागाने येताना आम्ही कधी पाहिला नव्हता. काही वेळाने हातभर लांबीची मरळ काठावर आली.

"फार भुकेली असावी," आम्ही म्हणालो.

"भुकेचा येथे काय संबंध?" ते म्हणाले. "बेडूक पिल्लांत शिरला म्हणून ती धावली. अशी पिल्लांवर टाकली की हमखास लागते. अमेरिकेत बासलाही घरट्यावर असाच धरतात. तेथे नर राखण करतो, त्या दिवसांत तो खातो फारसा काही नाही. पण जवळ काही आलं की तुटून पडतो."

त्यांनी गळ काढला आणि मरळीला पाण्यात सोडून दिले. ते मासा मारीत नाहीत, असा त्यांचा नेम आहे. परंतु ह्या साऱ्याला पाच-सात मिनिटे गेली होती. तेवढ्यात त्या तांबूस डागाचे तीन तुकडे झाले होते, आणि त्यांत मधूनच चांदीसारखे काही चमकून जात होते. दुसरे लहान मासे आपला डाव साधीत होते. राखणदार थोडा वेळ जरी दूर झाला तरी घरट्यातील पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात, हे बासच्या बाबतीत अमेरिकेतील अभ्यासकांनी पाहून ठेवले आहे. स्नेह्यांनी ते वाचलेले होते. त्यांनीच ते आम्हांला सांगितले, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ ते नुसते पाण्याकडे पाहत बसले.

परत येताना त्यांनी आपली बाजू मांडली नाही असे नाही. कोळी सागराचा मासा काढतो तेव्हा त्याची पिल्ले कोण मोजतो? निसर्गात तरी कपट नाही काय? कोळीकिडा जाळे विणतोच. हे सर्व खरे. परंतु दोरी सर्पासारखी दिसते तेव्हा दोरीचा काही हेतू नसतो. तो भ्रम कोणी रचलेला नसतो. कोळीकिड्याला पर्याय नसतो, आणि मासेमाराच्या घरी चूल पेटवावयाची असते. येथे भ्रम रचणारा काठावर बसलेला आहे, त्याचे पोट भरलेले आहे, आणि मुख्य म्हणजे ती मरळ कशासाठी धावणार हे त्याला पक्के ठाऊक आहे. कौशल्य जितके अधिक तितकी ही जाण अधिक, आणि जाण जितकी अधिक तितका दोषही अधिक. दोन तासांच्या सुंदर कारागिरीने तो धुऊन निघत नाही.

आमच्यापुरता प्रश्न मात्र निराळाच होता. ही मरळ जिभेने गळाला लागली नव्हती. मग आमच्या मत्स्यगुरूचे काय झाले?

घरी येऊन आम्ही ग्रंथ पुन्हा उघडला. माशाच्या आधीच्या अध्यायात कपोताची कथा आहे, ती आम्ही विसरलो होतो. पारध्याने कबुतराची पिल्ले जाळ्यात धरली. ती पाहून आई जाळ्यात शिरली, तिच्या मागोमाग बापही. म्हणजे प्रेमालाही गळ लागतो, हे जुन्यांना माहीत होते. अवधूत त्यावरून अतिस्नेह करू नये असा बोध घेतो. पण एक गोष्ट पहिल्यांदाच आमच्या ध्यानी आली. दोन्ही कथांत बोध मरणाराकडून घेतला आहे. पारधी आणि गळ टाकणारा ह्यांच्याविषयी अवधूत जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याने बोलण्याचे कारणही नव्हते. तो संन्यासी, आपल्या बंधनांचा शोध घेत निघालेला. हे गुरू त्याने स्वतःसाठी केले होते. दुसऱ्या कोणावर आपत्ती कोसळली असता त्याच्या दारी जाऊन त्याने तो दाखला ऐकविला, असे त्या ग्रंथात कोठेही नाही. तो उद्योग आम्ही केला. दृष्टांत स्वतःला लावला तर औषध होतो. दुःखिताच्या अंगावर टाकला तर दगड होतो.

सावधपणा नको असे आमचे म्हणणे नाही. आक्काने आता मुलाशी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला आहे. संकटाचा निरोप आला तर तो शब्द विचारावयाचा. हे शहाणपणाचे आहे आणि प्रत्येक घराने करण्यासारखे आहे. परंतु अमुक एक खबरदारी घेतली असती तर बरे झाले असते, असे म्हणणे निराळे, आणि तुझ्यात काही खोट होती म्हणून तू फसलीस, असे म्हणणे निराळे. पहिले उद्याविषयी आहे. दुसऱ्याने फसविणाराचे अर्धे ओझे आपण उचलून फसलेल्याच्या डोक्यावर ठेवतो. लुबाडणाऱ्यांनी आक्काच्या ठिकाणी लोभ शोधला नव्हता. तिथे तो सापडला नसता. त्यांनी पिल्लांवर बेडूक टाकला.

आमचे स्नेही अजून बेडूक बांधतात. पण पिल्लांचा थवा दिसला की काठी मिटून ठेवतात. आम्ही श्रावणात एके दिवशी आक्काकडे गेलो आणि माघात जे बोललो त्याची क्षमा मागितली. मरळीची हकीकतही सांगितली. ती भाजी निवडीत होती. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "अरे, नंतर मलाही सगळं सुचलं. पण त्या वेळी मी विचार करीत बसले असते, आणि ते खरं असतं तर?"

तर्कशास्त्र शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. ह्या प्रश्नाला आम्ही काही उत्तर दिले नाही. तिच्यासमोर बसून उरलेली भाजी निवडू लागलो.