मागे कोण बसणार?

भीमपूर, जि. आदिलाबाद

चि. भाचीस,


पत्र पोचलं. पुण्यात चांगली नोकरी असताना जुनी मेटाडोर घ्यायचं तुझ्या डोक्यात आलं, म्हणून तुझ्या आईने मला फोनवर अर्धा तास ऐकवलं. जणू मीच तुला फूस लावली! तू दोन गोष्टी विचारल्यास. गाडी बघायला गेल्यावर काय बघायचं, आणि जुन्या व्हॅनच्या नादी लागणारी माणसं असतात तरी कशी. पहिलीचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी लिहितो. दुसरीवर मात्र मला बोलायचंच आहे, कारण माझी उमेदीची वर्षं त्याच माणसांत गेली.

ज्यांनी या गाड्या जन्माला घातल्या, त्यांच्यापासून सुरू करतो. तुझ्या मोबाइलवर फुलाफुलांची फोक्सवॅगन व्हॅन दिसते ना, तिचं पहिलं रेखाटन बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने २३ एप्रिल १९४७ रोजी केलं. तो मोटारी आयात करायचा. जर्मनीतल्या कारखान्यात माल इकडून तिकडे नेणारी एक उघडी, सपाट गाडी त्याने पाहिली आणि तिच्यावर पेटी चढवली तर खपेल, असा हिशेब मांडला. १९५० च्या मार्चमध्ये गाडी निघू लागली. पावाच्या भट्टीवाल्यांनी, रंगाऱ्यांनी, नळकाम करणाऱ्यांनी ती घेतली. फुलं नंतरच्यांनी रंगवली.

आपल्याकडच्या मेटाडोरची कुळकथा तर मला त्याहून आवडते. नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे वकील. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. अशा घरातल्या माणसाने १९५८ मध्ये जर्मनीच्या विडाल कंपनीशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी हॅन्सिट आली, १९६९ च्या सुमाराला हानोमागच्या आराखड्यावरची चारचाकी मेटाडोर आली. २००५ मध्ये कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतलं, पण आपल्या भागात आजही कुठलीही छोटी मालगाडी दारात उभी राहिली की लोक ‘मेटाडोर आला’ म्हणतात. गांधीटोपीच्या काळातल्या वकिलाच्या कारखान्यातली ही गाडी. तिच्यात ऐट कुठून येणार? ती ओझं वाहायलाच घडवली होती.

आता ती चालवणारे. हे मी जवळून सांगू शकतो.

पैनगंगेच्या या काठाला आपलं भीमपूर, पलीकडे यवतमाळ. कापूस वेचणीचे दिवस आले की मेटाडोरला श्वास घ्यायला सवड नसे. पहाटे मजुरांना शेतावर सोडायचं, दुपारी गाठोडी भरायची, संध्याकाळी आदिलाबादच्या बाजारात काट्यावर उभं राहायचं. लग्नसराईत वऱ्हाड. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या मांडीजवळ, झाकणाखाली. मे महिन्यात त्या झाकणावर हात ठेवता येत नसे, आणि तरीही वऱ्हाडातला एखादा रुसलेला मामा तिथेच गोधडी टाकून बसायचा, कारण पुढे बसण्यात मान होता.

हे काम पत्करणारी माणसं बहुतेक एका साच्यातली होती. घरातला दुसरा किंवा तिसरा मुलगा, ज्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर पोट भरणार नाही असा. शाळा अर्धवट, पण तीन भाषा तोंडात. बाजारात तेलुगू, घरी मराठी, गोंडांच्या गुड्यावर गोंडी. नाक्यावरच्या पोलिसाशी कोणत्या भाषेत नरम बोलायचं आणि कोणत्या भाषेत ठणकावायचं, हे त्याला पक्कं माहीत. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाची सून बाळंत व्हायची आहे, कुणाच्या बैलाला लाळ्या झाला, सगळ्या खबरा त्याच्याकडे. रात्री दोन वाजता दार वाजलं की तो कुरकुरत उठायचा, पण उठायचा. भाडं मिळेल का, हे तो दवाखान्यातून परत येताना विचारायचा. मी त्यातल्या काहींना दारूत बुडताना पाहिलं आहे, काहींना कर्जात, म्हणून त्यांना देवमाणसं ठरवू नकोस. पण एकलकोंडा माणूस त्या सीटवर टिकला नाही. असे दोघे-तिघे आले, ते पुढे ट्रकवर गेले. ट्रकवर माणूस आणि माल यांत भिंत असते.

तू म्हणशील, मामा पोटापाण्याचं सांगतो, मला हौसेचं हवं आहे. हौसेचंही ऐक, आणि तेही आपल्याच मुलखातलं.

आदिलाबाद आंध्रात होतं तेव्हाची गोष्ट. मार्च १९८२ मध्ये एन. टी. रामाराव यांनी पक्ष काढला. सिनेमातला देव, वय एकोणसाठच्या आसपास, पैसा भरपूर, हवी ती गाडी दारात उभी राहिली असती. त्यांनी निवडली १९४० च्या दशकातली एक जुनी शेवरलेट व्हॅन. तिच्यावर उभं राहून बोलायला मंच, दिवे, भोंगे बसवले आणि ‘चैतन्य रथम्’ असं नाव दिलं. चालवायला त्यांचा मुलगा हरिकृष्ण. त्या व्हॅनमधून त्यांनी राज्य पालथं घातलं. रस्त्याकडेला अंघोळ, रस्त्याकडेला जेवण, त्यातच झोप. जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

राजकारण बाजूला ठेव. मला त्यात कुतूहल आहे ते स्वभावाचं. नव्या, चकचकीत मोटारीतून उतरणारा नट लोकांनी लांबून पाहिला असता. जुन्या व्हॅनच्या टपावर बसलेला नट त्यांना आपल्या गाडीवरचा वाटला. हे रामारावांना कळलं होतं, मुरलेले नट होते ते. म्हणजे व्हॅनच्या ओढीत थोडं नाटक असतंच. लोकांनी आपल्याला साध्या गाडीत पाहावं, ही इच्छा साधेपणाहून वेगळी असते. जुन्या व्हॅनच्या हौशी गटातल्या माणसांना भेटशील तेव्हा हे डोळ्यांआड करू नकोस. टपाला शिडी, काचेला पडदे, दाराशी कंदील, आणि समोर फोटो काढणारा कुणीतरी कायम हजर! मी हसतो, पण रागावत नाही. आमचे ड्रायव्हरही मागच्या पाटीवर हरणं रंगवून घ्यायचेच.

परदेशी हिप्पींचं तुला ठाऊक असेल. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत जुन्या व्हॅनमधून ते गोव्यापर्यंत यायचे, हणजुण्याच्या किनाऱ्यावर मुक्काम टाकायचे. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात शिरलं, आणि ती वाट बंद झाली. त्यांच्यातले पुष्कळजण खात्यापित्या घरचे होते, युद्धानंतर जन्मलेले, बापाच्या शिस्तीला कंटाळलेले. त्यांना व्हॅन हवी होती ती घर सोडूनही छप्पर राहावं म्हणून. आपल्या शहरांतल्या हौशी मुलांनी चित्र उचललं ते त्यांचं. पण घरासकट प्रवास करायला आपल्याला त्यांनी शिकवायची गरज नव्हती. पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाणारी मेस्राम कुळातली गोंड मंडळी छकड्यात चूल, धान्य, पोरंबाळं घालून पिढ्यान्‌पिढ्या निघत आली आहेत, आणि तिथे कुणी एकटा जात नाही.

व्हॅनवेड्यांत मी एकच भेद करतो. गाडी विकत घेताना ज्याच्या मनात मागच्या सीटवरची माणसं दिसतात तो एक, आणि ज्याला फक्त पुढची काच आणि रस्ता दिसतो तो दुसरा. दुसऱ्याने बुलेट घ्यावी. पत्रा कमी, खर्च कमी, आणि एकांत हवा तेवढा. व्हॅनचा सगळा घाट माणसं भरण्यासाठी आहे. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली, तिला इंजिन मारुती आठशेचंच, ७९६ सीसीचं, ते पुढच्या सीटखाली दडवलेलं. मग उरलेली जागा कशाला? शाळेची पोरं, भाजीची पोती, रुग्ण. सिनेमावाल्यांनी सरकत्या दारामुळे ती अपहरणाची गाडी करून टाकली, तो तिच्यावर अन्यायच. २०१९ पर्यंत ती निघत राहिली. पस्तीस वर्षं एखादी गाडी खपते, तेव्हा तिला शौकिनांनी जगवलेलं नसतं.

सगळ्यांत कमी बोलणारा आणि सगळ्यांत जास्त जाणणारा राहिलाच, मिस्तरी. तो या गाड्यांवर प्रेम वगैरे करत नाही. सेल्फ मारला की कान देतो आणि हीटर गेलाय की पंप, ते सांगतो. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोडक्या मेटाडोरचे भाग वर्षानुवर्षं पडलेले असतात. बायको भंगारात घाल म्हणते, हा ‘लागेल कधीतरी’ म्हणतो. हौशी लोक गटात, मेळाव्यात एकमेकांना शोधतात. तू आधी असा मिस्तरी शोध, गाडी त्यानंतर.

कायद्याचंही बघून ठेव. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूप न बदललेली, खासगी वापराची दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे अगदी पहिल्या मेटाडोरनीच आत्ता कुठे पन्नाशी ओलांडली, आणि पहिल्या मारुती व्हॅनला २०३४ उजाडेल. त्यातून तू आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवणार, म्हणजे मूळ रूप गेलंच. असे फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडतात, आरटीओत विचारल्याशिवाय सुताराला बोलावू नकोस. गाडी आपल्याकडची असली आणि पुण्यात न्यायची असली, तर दुसऱ्या राज्याची नोंदणी, ना-हरकत दाखला, कर, हे सगळं आलंच. आरसी बुकात ती मालवाहू लिहिली आहे की खासगी, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच. विकणाऱ्याच्या तोंडी सगळ्याच गाड्या खासगी असतात.

आता गाडी बघायला जाशील तेव्हाचं. सकाळी थंड इंजिन असताना जा. ‘आत्ताच फिरवून आणली’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत जा. रंगाकडे पाहू नकोस, लांबी भरून कसलाही पत्रा गुळगुळीत करतात. चुंबक घेऊन जा, जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे असं समज. जाजम उचलून फरशीचा पत्रा बघ, ड्रायव्हरच्या पायाखालचा आणि मागच्या चाकांवरचा आधी. खाली वाकून चासीवर जोड मारलाय का बघ. धूर पांढरा की निळा, ते मिस्तरीला बघू दे. आणि स्टेपनी, जॅक, टामी तिथल्या तिथे मागून घे, नंतर कुणी देत नाही.

एक सांगायचं राहिलं. आपल्या घराण्यातल्या बायका या गाडीत भरपूर बसल्या, वेचणीला, लग्नाला, माहूरच्या रेणुकेला, नेहमी मागे. स्टिअरिंगवर तू पहिली असशील. इकडे येणार असशील तर मात्र उजेडातच नदी ओलांड. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या शिवारात येतात, हे आता वर्तमानपत्रातही छापून येतं, आणि जुनी गाडी बंद पडायला नेमकी तीच जागा निवडते.

मामी विचारते आहे की गाडीत माणसं किती मावतील. माहूरला जायच्या पाच बायका तिने आजच ठरवून टाकल्या आहेत, त्यात तुझी आईसुद्धा आहे. आईला हे अजून सांगितलेलं नाही. तूच सांग.

तुझा,
मामा