दोन मिनिटांचा कर्ता

ब्रिटिश तत्त्वचिंतक फिलिपा फूट यांच्या १९६७ सालच्या एका निबंधात दोन चालक शेजारी-शेजारी उभे आहेत. एक बेफाम सुटलेल्या ट्रामचा. त्याच्यापुढे एका रुळावर पाच माणसे आहेत, दुसऱ्यावर एक. दुसरा कोसळू लागलेल्या विमानाचा. ते दाट वस्तीकडून विरळ वस्तीकडे वळवावे काय, हे त्याला ठरवायचे आहे. पुढे नीतिशास्त्राच्या चर्चेत ट्राम गाजली आणि वैमानिक मागे पडला. दोन्ही दृष्टान्तांत एक सोय मात्र सारखीच आहे : चालकाला भूतकाळ नाही. वाहन आधी बिघडते आणि त्याची जबाबदारी त्यानंतर सुरू होते. प्रत्यक्षातील माणसाला ही सवलत मिळत नाही.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशिया कंपनीचे दोन इंजिनांचे एक लहान प्रवासी विमान किनमेन बेटाकडे निघाले. आत ५८ जण होते. उड्डाणाला मिनिटही झाले नव्हते, तोच उजव्या इंजिनाच्या स्वयंचलित यंत्रणेत विद्युतदोष उद्भवला आणि त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला समांतर वळून निरुपयोगी झाली. उरलेल्या इंजिनावर विमान उडत राहू शकले असते. परंतु कप्तानाने त्या धडधाकट डाव्या इंजिनाचीच शक्ती कमी केली. पुढे ते बंदही करण्यात आले. चूक उमगली तेव्हा हाताशी उंची उरली नव्हती. इशारा मिळाल्यापासून सुमारे दोन मिनिटांत विमान उड्डाणपुलाला धडकून कीलुंग नदीत कोसळले. ४३ जण मृत्युमुखी पडले; कप्तान त्यांपैकीच एक.

आरंभी त्याचा गौरव झाला. उंच इमारती टाळून त्याने विमान नदीकडे नेले, असे म्हटले गेले. पुढे तपासातून चुकीच्या इंजिनाची हकीकत बाहेर आली आणि वीर म्हणून गौरवलेला माणूस अपराधी ठरला. हे दोन निवाडे परस्परविरोधी दिसतात. पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. घडलेल्या सर्व गोष्टींचा कर्ता एकच असतो आणि तो ओळखला की न्याय झाला, ही ती समजूत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी तेथे अपुरी ठरवली आहे. मात्र हा विचार दोषमुक्तीची पळवाट नव्हे. पाचांपैकी कर्ता हे एक कारण आहेच. चुकीच्या दांडीवर हात त्याचाच होता, आणि ४३ कुटुंबांपुढे ही गोष्ट सौम्य शब्दांत मांडता येणार नाही.

तरीही तो हात त्या दोन मिनिटांत घडलेला नव्हता. कप्तानपदासाठी २०१४ मध्ये झालेल्या चाचणीत तो प्रथम अनुत्तीर्ण झाला होता. उड्डाणकाळात इंजिन निकामी झाल्यास करावयाच्या कृती हे त्याच्या उणिवांपैकी एक होते. नंतर तो उत्तीर्ण ठरला. २०१६ च्या अंतिम अहवालाने कंपनीच्या प्रशिक्षणातील आणि निवडीतील त्रुटीही नोंदवल्या. संकटाच्या क्षणी माणूस फारसे निवडत नाही. अंगवळणी पडलेले तेवढे त्याच्या हातून घडते. म्हणून खरा नैतिक निर्णय पुष्कळदा परीक्षकाच्या शांत खोलीत होतो. तेथे कोणाचा जीव टांगणीला लागलेला दिसत नाही, आणि उमेदवाराला पुढे जाऊ देणे हे सौजन्यच वाटते.

विमान अपघातांच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय दंडक असा, की हेतू दोषारोपाचा नसून पुढील अपघात टाळण्याचा असावा. शोकाकुल माणसाला हा दंडक थंड वाटेल. परंतु स्तुती आणि निंदा या दोहोंनी प्रश्न मिटल्यासारखा होतो. तपास तो उघडा ठेवतो. फूट यांच्या वैमानिकाला विमान कोठे वळवावे एवढेच ठरवायचे होते. तैपेईच्या वैमानिकाबाबत आधी विचारावे लागते ते हे, की त्या आसनावर त्याला कोणी, कोणत्या तयारीनिशी बसवले. त्याचे उत्तर देण्यासाठी दोन मिनिटांहून पुष्कळ अधिक वेळ उपलब्ध होता.